एकेचाळिसाव्या पानावरच्या दोन मोकळ्या जागा

प्रिय अरुण,

येत्या मंगळवारी तुला जाऊन वर्ष होईल. या वर्षभरात तुला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला मुळातच सदोष वाटतं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी घातलेला वाद हा वाद नसतो. तरीही आज लिहायला बसले, कारण गेल्या रविवारी एक पुरावा माझ्या हाती आला आणि सात वर्षांपूर्वी मी तुझ्याविरुद्ध दिलेला निकाल त्याने उलटवला. निकाल उलटला की दुसऱ्या पक्षाला कळवावं लागतं. दुसरा पक्ष हजर नाही, हा दोष माझा नाही.

मी रागावलेली आहे, हेही आधीच सांगून ठेवते. पत्र वाचता वाचता तुझी ताई विरघळेल, अशी आशा ठेवू नकोस.

रविवारी सकाळी दारात तुझी एक जुनी विद्यार्थिनी उभी होती. फिलोमिना, पालीच्या कोळीवाड्यातली. हातात केळ्यांची फणी आणि काखेत काळ्या रेक्झिनची जाड वही.

"टीचर, आई बोलली सुके बोंबील ने. मी बोलले, त्या खात न्हाय गं, बामन हाय त्या. म्हणून केळी आणली."

"आत ये," मी म्हटलं. "वहीत काय आहे?"

"सरांच्या नोट्स. क्लासची कॉपी. सरांना वर्ष होतंय ना, तर आम्ही जुन्या पोरांनी ठरवलंय, पुन्हा छापून काढायच्या. सगळ्यांना वाटायच्या. पहिल्या पानावर तुमचं नाव हाय, म्हणून विचारायला आले." केळी तिने टेबलावर ठेवली. "आनि ते एकेचालीस नंबरचं पान... त्याचं काय करायचं, ते पन विचारायचं होतं."

एकेचाळीस! सात वर्षांत हा आकडा माझ्यासमोर कोणी उच्चारला नव्हता.

आठवतं तुला, हे सगळं कुठून सुरू झालं? केबिन रोडला भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तुझा आधी टायपिंगचा क्लास होता. बारा मशिनं, बारा जणांचे ठोके, आणि खालून दुकानदाराची आरोळी: "ओ सर, जरा धीरे! मेरे कुकर नाच रहे हैं!" मग टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले आणि तू सी भाषा शिकवू लागलास. बाकं तीच राहिली. तूही तोच राहिलास, टायपिंगवाला. हे विशेषण मी तुला किती वेळा आणि कोणत्या सुरात लावलं, ते मला नीट आठवतं. तुलाही आठवत असणार.

मी तेव्हा कॉलेजातून, तर्कशास्त्र शिकवण्यातून, नुकतीच निवृत्त झाले होते. तू म्हणालास, "ताई, पोरं मराठी मिडियमची आहेत गं. इंग्रजी पुस्तक उघडलं की त्यांचे डोळे मिटतात. तू लिही ना नोट्स मराठीत. तुझ्यासारखं नेमकं कोण लिहिणार?" मी साठाव्या वर्षी सी भाषा शिकले. तुझ्याकडूनच शिकले. हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण सात वर्षांपूर्वी तुला लिहिलेल्या त्या पत्रात मी ते नोंदवायचं टाळलं होतं.

ती भाषा मला आवडली, कारण ती कोणाचे लाड करत नाही. तिच्यात शब्दाला स्वतःची लांबी नसते. अक्षरं एकापुढे एक खणांत बसतात. पहिला खण कुठे आहे एवढंच पॉइंटर सांगतो आणि पुढे शून्य भेटेपर्यंत मशीन वाचत जातं. बाइटला 'खण' हा शब्द मी दिला, तुला तो फार आवडला होता. नवा शब्द ठेवायचा असेल तर खण आधी मागून घ्यावे लागतात. किती हवेत, ते आपणच मोजून सांगायचं. कमी सांगितले तरी भाषा हटकत नाही. ती निमूट शेजारच्या खणात लिहून मोकळी होते. चूक करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य आणि पूर्ण जबाबदारी! मला वाटलं, ही तर माझ्याच शिस्तीची भाषा.

तू तेच कसं शिकवायचास? "हे बघा, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तुमची जागा सात नंबर. तुम्ही गाडी थोडी आठ नंबरात घुसवली. वॉचमन कुछ बोलेगा? नाही बोलणार. दहा दिवस नाही बोलणार. पण ज्या दिवशी आठवाला गाडी घेऊन येईल, त्या दिवशी राडा!" मुलं हसायची. मला तो दृष्टान्त उथळ वाटायचा. तो माझ्या पूर्ण प्रकरणापेक्षा अचूक होता, हे मला रविवारी कळलं.

एकेचाळिसावं पान माझ्या अभिमानाचं पान होतं. माणसाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, हे तीन वेगळे शब्द जोडून पूर्ण नाव तयार करणारं फंक्शन. तिन्ही शब्दांची लांबी मोजायची, बेरीज करायची, शेवटच्या शून्यासाठी एक खण जास्त मागायचा, मग शब्द क्रमाने उतरवायचे, मध्ये एकेक मोकळी जागा सोडून. त्या जास्तीच्या एका खणावर मी अर्धं पान खर्च केलं होतं. शेवटचं शून्य छापून येत नाही, म्हणून नवशिका ते विसरतो. खाली चौकटीत माझं वाक्य होतं: "मोजताना जे दिसत नाही तेही मोजावे."

मी ते तपासूनही पाहिलं होतं, बरं का! स्वतःचं नाव घालून. सुमती गोविंद बर्वे. इंग्रजी लिपीत सतरा अक्षरं आणि एक शून्य, एकूण अठरा. चाललं. मग तुझं नाव, तुझ्या सुनंदाचं नाव, पहिल्या तुकडीतल्या वीस-बावीस मुलांची नावं. सगळी चालली. मी पानाखाली तारीख घातली आणि सही केली.

आता तो दिवस. मी न सांगता क्लासला आले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. तुझं लक्ष फळ्याकडे होतं. तू म्हणालास, "चला, पान एकेचाळीस उघडू नका. तो भाग मी फळ्यावर घेतो."

कोणीतरी विचारलं, "का सर? छापलंय तर."

"अरे, ते पान मोठ्या माणसांसाठी आहे. आपण लहान माणसं, आपण फळ्यावर करू."

सगळा वर्ग हसला. मी उठले आणि बाहेरच्या जिन्यावर उभी राहिले. तास संपल्यावर तू बाहेर आलास. मला बघून तुझा चेहरा उतरला.

"अरुण, माझं पान का गाळलंस?"

"अगं ताई, तू कधी आलीस? चहा सांगू?"

"प्रश्नाचं उत्तर दे."

"पोरांना जरा जड जातं गं."

"जड की चूक?"

मी तुला दोनच पर्याय दिले होते. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना हेच शिकवलं, की प्रश्न असा विचारावा की पळवाट राहू नये. तू खाली बघितलंस. खालून भांड्यांचा आवाज येत होता.

"जड," तू म्हणालास.

त्या एका शब्दावर मी घरी जाऊन तुला चार पानी पत्र लिहिलं. पाच मुद्दे. तू आळशी आहेस. तू मुलांना नेमकेपणापासून वाचवतोस आणि त्यालाच शिकवणं म्हणतोस. तू माझ्या कामाचा माझ्या पाठीमागे उपहास केलास. टायपिंगवाल्याकडून वेगळी अपेक्षा करणं ही माझीच चूक होती. आणि शेवटचा मुद्दा, माझं नाव त्या टिपणांवरून काढून टाक. ते तू काढलं नाहीसच.

कार्बन प्रत माझ्याकडे आहे. रविवारी संध्याकाळी मी ती पुन्हा वाचली. युक्तिवादात एकही फट नाही, अरुण. प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून नीट निघते. फक्त पहिलंच विधान खोटं आहे: "एकेचाळिसाव्या पानात चूक नाही." वैध युक्तिवाद आणि सत्य निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. ते मला घरी बसून, एका पालीच्या मुलीकडून शिकावं लागलं.

फिलोमिनाने वही उघडली. एकेचाळिसावं पान, माझा मजकूर सोडला तर, कोरं करकरीत होतं. इतर पानांवर मुलांच्या खुणा, चहाचे डाग, तुझ्या पेन्सिलीच्या रेघा. या पानावर काहीच नाही.

"यावर कोणी काही लिहिलं नाही?" मी विचारलं.

"लिहू द्यायचे न्हाय ना सर! बोलायचे, ताईंचं पान हाय, त्याच्यावर खाडाखोड नको. जे काय करायचं ते आपापल्या वहीत करा."

"काय करायचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "टीचर, तुम्हाला खरंच ठाऊक न्हाय?"

मग तिने सांगितलं. तिच्या तुकडीत सगळ्यांनी माझ्या पानावरून तो प्रोग्रॅम लिहिला. सगळ्यांचा चालला. तिने स्वतःचं नाव घातलं, फिलोमिना इनास रॉड्रिग्ज, आणि मशीन बंद पडलं. पुन्हा घातलं, पुन्हा बंद. शेजारच्या मुलाचं नाव घातलं की चालायचं, तिचं घातलं की बंद.

"पोरं चिडवायची ना. बोलायची, बघ, मशिनला पन वास येतोय मच्छीचा. मी तर ठरवलं होतं, क्लास सोडायचा. घरी सांगितलं पन होतं आईला, माझं नावच चालत न्हाय तिकडं."

"मग?"

"मग सरांनी थांबवलं. दोन दिवस दुपारचे बसले माझ्याबरोबर. कागदावर खण काढले, एकेका खणात एकेक अक्षर भरलं. तिसऱ्यांदा भरताना एकदम हसायलाच लागले. बोलले, अगं फिलू, तुझं नाव बरोबर हाय, पान चुकलंय!"

तिने माझ्यासमोर तोच कागद पुन्हा काढला. बावीस अक्षरं. माझ्या पानाप्रमाणे बावीस अधिक एक, तेवीस खण मागायचे. पण नाव लिहिताना मध्ये दोन मोकळ्या जागा पडतात, नाव आणि वडिलांच्या नावामध्ये एक, वडिलांचं नाव आणि आडनावामध्ये एक. त्यांनाही खण लागतात. म्हणजे पंचवीस. मी दोन कमी मागितले होते. प्रत्येक नावाला, प्रत्येक वेळी, दोन कमी.

मग बाकीच्यांचं कसं चाललं? कारण मशीन मोजून मापून जागा देत नाही. ठरलेल्या मापाचे गठ्ठे देतं. अठरा मागितले तर चोवीस देतं. माझ्या नावाला वीस हवे होते, चोवीस मिळाले, माझी चूक त्या उदारपणात झाकली गेली. तिने तेवीस मागितले, चोवीस मिळाले, पंचविसावं शून्य शेजारच्या खणात जाऊन पडलं. तिथे मशीनने स्वतःसाठी ठेवलेली नोंद होती. जागा परत करायची वेळ आली, नोंद बिघडलेली निघाली आणि सगळं थांबलं. तुझ्या भाषेत सांगायचं तर आठवाला गाडी घेऊन आला.

स्वतःच्या नावावर तपासलेला नियम मी सगळ्या जगाला लागू केला! शंभर उदाहरणं जुळली म्हणून सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे वाक्य मी दर वर्षी पहिल्याच तासाला म्हणायचे. आणि त्याच पानावर, चौकटीत, माझ्याच अक्षरात: "मोजताना जे दिसत नाही तेही मोजावे."

मला त्या दोन जागा का दिसल्या नाहीत, याचा मी या आठवड्यात विचार केला. माझ्या विषयात मोकळी जागा ही वस्तू नाही. चिन्हं मोजायची, त्यांच्यामधलं अंतर मोजायचं नाही. तुझ्या विषयात मात्र ते पहिल्या दिवसापासून मोजलं जातं. स्पेसबार दाबला की ठोका पडतो. टायपिंगवाल्याला मोकळी जागा फुकट मिळत नाही, हे ठाऊक असतं. ते ठाऊक असायला टायपिंगवालाच असावं लागतं.

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. कारण इथे माझा तुझ्यावरचा आरोप सुरू होणार होता: तू मला सांगितलं का नाहीस? तिला सांगितलंस. पुढच्या प्रत्येक तुकडीला सांगितलंस. केबिन रोडच्या त्या माडीवरून इतकी मुलं खाली उतरली, सगळ्यांना ठाऊक होतं की ताईंचं पान चुकलंय. फक्त ताईंना ठाऊक नव्हतं!

पण लिहिता लिहिता एक दुपार आठवली आणि माझं आरोपपत्र लंगडं झालं.

तू माझ्याकडे आला होतास. ते जिन्यावरचं प्रकरण व्हायच्या आधी, फिलोमिनाच्या नावाचं कोडं सुटल्यानंतर लगेचच असणार. मी डाळ निवडत होते. तू उगाच टेबलावर बोटं वाजवत होतास, टायपिंग केल्यासारखी.

"ताई, एक सांग. तुझं पूर्ण नाव टाइप करायचं तर ठोके किती?"

"सतरा."

"नापास!" तू टाळी वाजवलीस. "एकोणीस. परत मोज."

"अक्षरं सतराच आहेत, अरुण."

"अक्षरं नाही विचारली मी. ठोके विचारले. मधे काय, तुझं नाव आणि बाबांचं नाव चिकटवून लिहिणार का? बघ, तुझ्या त्या एकेचा..."

"मला टायपिंगचे धडे देऊ नकोस. काही कामाचं बोलायचं असेल तर बोल."

तू बोटं थांबवलीस. माझ्यासमोरचं ताट ओढून घेतलंस आणि डाळीतले खडे काढू लागलास. मग पाणी किती दिवसांनी येतं आणि टाकी कोण भरतं, यावर आपण बोललो.

म्हणजे तू सांगायला आला होतास. 'एकेचा' इथपर्यंत पोचलाही होतास. मी तुझं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

ठीक आहे. मी हे मान्य करते. पण यातून तू सुटत नाहीस! एकदा तोडलेलं वाक्य माणूस दुसऱ्यांदा बोलू शकतो. जिन्यावर मी स्पष्ट विचारलं होतं. तेव्हा "चूक" हा एक शब्द पुरला असता. त्यानंतर सहा भाऊबिजा आल्या. तू दर वर्षी पाटावर बसलास, मी ओवाळलं, तू करंजी खाल्लीस, "येतो ताई" म्हणालास आणि गेलास. सहा वेळा मी तुझ्या कपाळाला बोट लावलं, आणि सहाही वेळा तू मनात म्हणत होतास, बिचारीला ठाऊक नाही. मला 'बिचारी' कोणी केलं नव्हतं रे आजवर. बाबांनी नाही, कॉलेजने नाही, म्हातारपणानेही नाही. तू केलंस.

माझा मान राखलास म्हणे! शोकसभेत तुझा एक विद्यार्थी तसंच काहीसं म्हणाला होता, की सरांनी कधी कोणाला दुखावलं नाही. दुसरा रडत रडत म्हणाला, "सर म्हणजे आमचा पॉइंटर होते." माझ्या मनात आलं, पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता. उपमा चुकली. पण त्या दिवशी मीही बोलले नाही. ज्याच्या डोळ्यांत पाणी आहे त्याची चूक काढू नये, असं मला वाटलं. तुला माझ्याबद्दल हेच वाटलं होतं का? तसं असेल तर ऐक: माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी धडधाकट होते. मला चूक सोसली असती.

निदान मला असं वाटतं. तपासायला आता मार्ग नाही, आणि तो तू बंद केलास.

रविवारी संध्याकाळीच सुनंदा आली. तुझ्या बायकोला तू सांगितलं होतंस, हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. फिलोमिनाने तिला फोन केला असणार.

"ताई, त्या पानाचं मनावर घेऊ नका. पोरं म्हणतायत, गुपचूप जास्तीच्या खणांचा आकडा बदलून टाकू. एकाचे तीन करायचे, बस. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल."

"मग पान काढूनच टाकू. चाळीसनंतर बेचाळीस."

"सुनंदा, तुला कधीपासून ठाऊक आहे?"

ती पदराशी चाळा करत बसली. "पहिल्यापासून. तुमचं पत्र आलं ना, त्या दिवशी मी म्हटलं होतं त्यांना, आता तरी सांगा. तर म्हणाले, आत्ता सांगितलं तर बदला घेतल्यासारखं होईल. ताई आयुष्यभर बरोबर होती गं, एका पानासाठी कशाला. मी म्हटलं, तुमचं नाव वाईट होतंय त्याचं काय? तर म्हणाले, माझं नाव लहान आहे, पंधरा अक्षरं, कुठेही मावतं."

ती हसली आणि मग रडली. मी तिला पाणी दिलं. विनोद करायची ही तुझी जागा नव्हती, अरुण.

"एवढी वर्षं त्यांनी झाकलं," ती म्हणाली. "आता तुम्ही कशाला उघडताय? ते गेले. जे झालं ते त्यांच्याबरोबर गेलं म्हणायचं."

"गेलं नाही. दीडशे प्रती निघणार आहेत. त्यातली एक कुठल्यातरी मुलीच्या हातात पडेल, जिच्या नावात बावीस अक्षरं असतील. तिला थांबवायला या वेळी तो नसेल."

पाण्याचा पेला खाली ठेवत सुनंदा म्हणाली, "तुम्ही दोघं अगदी सारखे आहात." मला हे विधान मान्य नाही. मी ते खोडलं नाही, इतकंच.

सोमवारी मी क्लासवर गेले. माडी बंदच असते हल्ली. खालच्या दुकानदाराने किल्ली दिली आणि म्हणाला, "बहनजी, अब ऊपर से आवाज़ नहीं आती तो अच्छा नहीं लगता." मागच्या बाकावरचं मशीन मी सुरू केलं. माझं पान जसंच्या तसं उतरवलं. फिलोमिनाचं नाव घातलं. बंद पडलं. तिने सांगितलं होतं, कागदावर सिद्धही झालं होतं, तरी मला स्वतःला बघायचं होतं. मग एकाचे तीन केले. चाललं. पडद्यावर तिचं पूर्ण नाव उमटलं, मधल्या दोन मोकळ्या जागांसकट. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. शेवटी मागितलेले खण परत केले, तू शिकवलं होतंस तसे, आणि मशीन बंद करून खाली उतरले.

आता मी काय ठरवलं आहे, ते ऐक.

एकेचाळिसावं पान जसं आहे तसं छापलं जाईल. एक अक्षर बदलणार नाही, ती चौकटसुद्धा नाही. झाकलेली चूक सुधारत नाही, नुसती जागा बदलते, हे मला पुरेसं कळलं आहे. समोरच्या पानावर माझी दुरुस्ती असेल. तिथे उदाहरणाला फिलोमिनाचं नाव असेल, खणांच्या आकृतीसह. तिची परवानगी मी घेतली आहे. ती म्हणाली, "घाला टीचर! आईला दाखवीन, बघ, माझं नाव चालतंय." त्याखाली लिहिलेलं असेल की ही चूक लेखिकेची आहे, ती अरुण गोविंद बर्वे यांनी शोधली आणि त्यांनी ती लेखिकेला सांगण्याचा एकदा प्रयत्न केला असता लेखिकेने ऐकून घेतलं नाही. 'एकदा' हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. तो माझ्याविरुद्धही आहे आणि तुझ्याविरुद्धही.

कार्बन प्रत मी फाडणार नाही. पुरावा नष्ट करणं माझ्या स्वभावात नाही. तिच्या शेवटी आज लाल शाईने लिहिलं आहे: "आधारविधान असत्य. सर्व मुद्दे मागे." ती तुझ्या वहीत, त्याच पानात ठेवते आहे. सुनंदाच्या घरी राहील.

तुला क्षमा केली, असं मात्र लिहिणार नाही. जिन्यावर तू "जड" म्हणालास. मी ते खोटं धरलं होतं. या आठवड्यात मी त्याचा पुन्हा विचार केला. कोणाला जड, हे मी विचारलंच नव्हतं. मीच दोन पर्याय दिले होते, आणि ते एकाच वेळी खरे असू शकतात हे माझ्या लक्षात आलं नाही. ही माझी दुसरी चूक. हीही नोंदव.

दुरुस्तीचं पान मी स्वतः टाइप करणार आहे, तुझ्या मागच्या बाकावर बसून, दोन बोटांनी. तुला वचन देते की शेवटी माझं पूर्ण नाव लिहिताना अक्षरं मोजणार नाही, ठोके मोजीन. एकोणीस. आणि जे उमटत नाही त्याचा विसावा खण.

तुझी,
सुमती गोविंद बर्वे
(ताई)